उरलेले अन्न कोणाच्या ताटात?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही लालबागला राहतो. घरात मी, माझे पती, दहावीतला मुलगा आणि सत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे आहोत. मुलगी गेल्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला गेली. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. ते गिरणीत होते आणि ब्याऐंशीच्या संपानंतर त्यांनी मिळेल ती कामे करून घर चालवले. मी फोर्टला नोकरी करते. माझा आणि पतींचा पोळी-भाजीचा डबा आणि दुपारचा स्वयंपाक उरकून सकाळी आठच्या आत निघावे लागते. सवयीने रोज तीन वाट्या तांदूळ लावले जातात, सोळा-सतरा पोळ्या होतात आणि काही ना काही उरतेच. मुलगा शिळ्याला हात लावत नाही. पती आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरच खाऊन येतात. सासूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. त्या अन्नाचा कणही टाकू देत नाहीत आणि उरलेले सगळे स्वतः खातात. त्यांना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली, तो खाल्ल्यावर दुपारच्या आत मुलाला उलट्या सुरू झाल्या. तेव्हापासून पतींचे म्हणणे, उरलेले सरळ टाकून द्या. सासूबाईंचे म्हणणे, माझ्या डोळ्यांदेखत अन्न टाकायचे नाही. यावरून घरात रोज कुरबुर होते. घरकामाला येणाऱ्या मावशींना द्यावे, तर तेही मनाला पटत नाही. आता गणपती जवळ आले आहेत. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, माणसांची रीघ लागते आणि मागच्या वर्षी बरेच अन्न टाकावे लागले. काय करावे?

— एक वाचक, लालबाग

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष सर्वांत आधी गेले ते तीन वाट्या तांदळाकडे. तुमच्या घरी सहा माणसे जेवत होती तेव्हाचे हे माप आहे. आता चार माणसे आहेत आणि त्यांतली दोघे दुपारी घरी नसतात. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, म्हणजे सकाळी आठच्या आत तुमच्या घरात नऊ वाट्या भात तयार असतो आणि दुपारी तो खायला सासूबाई आणि मुलगा असे दोघेच असतात. त्या दोघांना पोळीबरोबर तीन-साडेतीन वाट्या भात पुरतो. उरलेला भात रात्रीपर्यंत झाकून राहतो, रात्री त्यातला थोडा खाल्ला जातो आणि राहिलेला दुसऱ्या दिवसावर जातो. तेव्हा उरलेल्या भाताचे काय करायचे, या प्रश्नाआधी तो भात शिजलाच का, हा प्रश्न सोडवायला हवा. सकाळी एक वाटी तांदूळ लावा. रात्रीसाठी वाटी-दीड वाटीचा कुकर संध्याकाळी लावायला सासूबाईंना किंवा मुलाला सांगा. दहावीतल्या मुलाला तांदूळ धुऊन कुकर लावता येतो आणि यायलाही हवा. तांदळाच्या डब्यातली मोठी वाटी काढून तिथे लहान वाटी ठेवलीत तर सकाळच्या घाईत हात आपोआप आवरेल.

पोळ्यांचा हिशेब रोज बदलतो, म्हणून तो रोज विचारावा लागतो. रात्री झोपण्यापूर्वी, उद्या डबा कोणाकोणाला हवा आणि रात्री जेवायला कोण आहे, एवढे विचारून घ्या. पतींनी बाहेर खायचे ठरवले तर संध्याकाळी सहाच्या आत घरी कळवायचे, हा नियम त्यांनी मान्य करायला हवा; त्यांच्या वाटच्या चार पोळ्या टाकून देण्याचा सल्ला देण्याइतकेच हेही सोपे आहे. तुमच्याच भागात गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळी बायका घरातून चालवत असत आणि त्यांच्यातूनच १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. ज्या घरात दहा-पंधरा मेंबर जेवून जात, तिथे कोण आज गावाला गेला आहे आणि कोणाची पाळी बदलली आहे हे माहीत असल्याशिवाय पीठ मळून चालत नव्हते, कारण उरलेल्या पोळीचा खर्च त्या बाईच्या कमाईतून जात असे. आपल्या घरात तो खर्च महिन्याच्या वाणसामानात मिसळून जातो, म्हणून दिसत नाही, एवढाच फरक आहे.

आता मुलाच्या उलट्यांविषयी. पतींची भीती खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत. शिजलेला भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून सकाळच्या फोडणीने तो भात सुरक्षित झाला नाही. अशा भाताला वास येतोच असे नाही, चवही बिघडतेच असे नाही आणि उलट्या बहुधा एक ते सहा तासांत सुरू होतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडले, असे मी पत्रावरून ठामपणे म्हणणार नाही; पण मुंबईच्या दमट उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कोणीच खाऊ नये, हे मात्र निश्चित. तसा भात टाकूनच द्यावा लागेल आणि त्या वेळी सासूबाईंनीही आडकाठी करू नये.

तोच भात शिजल्यावर वेळेत फ्रिजमध्ये गेला असता तर हा धोका बराच टळला असता. जेवणे झाली की उरलेला भात कुकरच्या भांड्यात दाबून ठेवू नका. परातीत किंवा पसरट ताटात मोकळा करा, वाफ गेली की झाकणाच्या उथळ डब्यात भरा आणि तासाभरात, फार तर शिजल्यापासून दोन तासांच्या आत, फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेले गरमच आत ठेवले तर त्याचा मधला भाग बराच वेळ कोमट राहतो आणि शेजारचे पदार्थही तापतात. फ्रिजचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आत असावे. भात दुसऱ्या दिवशी संपवावा. आमटी, उसळ, भाजी यांना मी दोन दिवसांची मुदत देईन. ओले खोबरे, दूध किंवा मासे असलेल्या पदार्थांना एकाच दिवसाची. जेवढे खायचे आहे तेवढेच बाहेर काढून गरम करावे, आमटीला खळखळून उकळी यावी, भातातून सगळीकडून वाफ निघावी आणि एकदा गरम केलेले पुन्हा फ्रिजमध्ये जाऊ नये. पोळीवर किंवा पावावर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून उरलेले खाऊ नका, कारण मऊ पदार्थात बुरशी दिसते त्याहून खोलवर गेलेली असते. डब्यावर कोणत्या दिवशी ठेवले ते चिकटपट्टीवर लिहून ठेवले की ‘हे कधीचे आहे’ हा रोजचा वाद उरत नाही.

हे सगळे मी पतींसाठी अशाकरिता लिहिते की शिळे आणि खराब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीतला सप्तमीला आदल्या दिवशीचा स्वयंपाक आपल्याकडे मुद्दाम खाल्ला जातो आणि रात्रीचे माशाचे कालवण सकाळी आटवून भाकरीबरोबर खाणारी घरे मुंबईत पुष्कळ आहेत. पदार्थ कधी शिजला याबरोबरच तो मधल्या वेळात कसा ठेवला गेला, हे पाहिले पाहिजे. सगळेच टाकून द्यायचे ठरवले तर ते कुठे जाते तेही पतींना ठाऊक असावे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. भारतातल्या घरांसाठीचा त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. त्यात साली आणि देठही धरलेले आहेत, पण दिवसाच्या हिशेबात हे माणशी दीडशे ग्रॅम होतात. आपल्या शहरातून निघालेला बराचसा कचरा आज कांजूरमार्गला जातो. देवनारचे कचऱ्याचे डोंगर १९२७ पासून वाढत गेले आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर शहराने कित्येक दिवस सोसला. ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू तयार होतो, तो पेट घेतो आणि हवामानालाही तापवतो. त्या ढिगांच्या आसपास माणसे राहतात. आपण पिशवीची गाठ मारली म्हणून अन्न नाहीसे होत नाही.

सासूबाईंविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. त्या माणच्या आहेत आणि आज सत्तर वर्षांच्या आहेत, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील. रेशनवरचा मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, दुष्काळी कामांवर खायला वाटली जाणारी कोरडी सुकडी आणि कोरड्या विहिरी हे त्यांच्या वयाच्या माण-खटावकडच्या माणसांनी स्वतः पाहिलेले आहे. लग्न होऊन गिरणगावात आल्यावर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप त्यांच्या वाट्याला आला, ज्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि ज्यातून हजारो घरांच्या चुली कायमच्या मंदावल्या. ज्या बाईने दोनदा रिकामे डबे पाहिले तिला भाताचे पातेले कचऱ्यात उपडे होताना बघवत नाही, यात हट्ट शोधू नये. पतींनी त्यांच्या आईला त्या दिवसांबद्दल शांतपणे विचारावे आणि त्या सांगतील ते नातवासमोर ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

पण त्याच आदराने हेही सांगायला हवे की उरलेले सगळे एकट्याने खाणे त्यांनी थांबवले पाहिजे. मधुमेह असलेल्या माणसाने भूक नसताना दोन वाट्या भात आणि तीन पोळ्या केवळ संपवण्यासाठी खाल्ल्या तर ते अन्न वाचले असे होत नाही. कचऱ्याच्या डब्याऐवजी ते त्यांच्या शरीरात टाकले गेले, एवढेच होते. त्यांनी कोणत्या वेळी किती खावे हे त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आपल्याकडे कितीतरी घरांत उरलेले अन्न हे घरातल्या बाईचे मानले जाते: आधी आजीचे, मग सुनेचे. पुरुषांना आणि मुलांना गरम-ताजे आणि बाईच्या ताटात कालचे, ही विभागणी कोणी ठरवलेली नसते, पण सगळे पाळत असतात. तुमच्या घरातली खरी दुरुस्ती इथे आहे. उरलेले अन्न घराचे आहे. दोन वाट्या भात उरला तर त्याचे चार वाटे होतील आणि चौघांच्या ताटात ते ताज्या अन्नाच्या आधी वाढले जातील. वाट्याला चार-चार घास आले की मुलालाही ते शिळ्याचे जेवण वाटत नाही.

सासूबाईंना ‘तुम्ही खाऊ नका’ असे सांगून भागणार नाही. त्यांच्या हाती काहीतरी द्यायला हवे. संध्याकाळी फ्रिज उघडून कशाचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना द्या आणि त्यांनी ठरवलेले सगळ्यांनी ऐकायचे, असे घरात ठरवा. त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे ते तुमच्या-माझ्याजवळ नाही. बाजरीची शिळी भाकरी कुस्करून ताक, ठेचलेला लसूण आणि मीठ घालून त्या नातवाला कालवून देतील, तर तो एकदा तरी चाखून बघेल.

पोळ्यांचा कुस्करा मात्र तुम्हीच एका रविवारी मुलाकडून करून घ्या, कारण तो नीट झाला तर मुलाचे मत बदलण्याची सर्वांत जास्त शक्यता त्यात आहे. आदल्या दिवशीच्या पोळ्या या पदार्थाला ताज्यांपेक्षा चांगल्या, कारण त्या कोरड्या झालेल्या असतात आणि त्यांचा लगदा होत नाही. त्या हातानेच कुस्कराव्यात. मिक्सरमध्ये फिरवल्या तर पीठ होते आणि मजा जाते. काही तुकडे बोराएवढे आणि काही चुऱ्यासारखे बारीक राहिले पाहिजेत. कढईत तेल तापले की आधी शेंगदाणे तळून बाजूला काढावेत, मग मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा. कांदा कडेने लालसर झाला की हळद आणि मीठ, आणि मग कुस्करलेली पोळी. तीन-चार मिनिटे मंद आचेवर परतून काही तुकडे कुरकुरीत होऊ द्यावेत, मग ताकाचा हबका मारून झाकण ठेवावे. दोन मिनिटांनी झाकण काढले की वरचे तुकडे मऊ आणि तळाचे खरपूस असतात. चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर आणि तळलेले दाणे घालून तो गरमच वाढावा. ताक जास्त पडले की सगळे गिचका होते, तेवढे सांभाळावे.

बाकीचे तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात लिहिते. फ्रिजमधल्या भाताची शिते सुटी आणि टणक होतात, त्यामुळे फोडणीच्या भाताला तोच योग्य. त्यात ज्वारीचे पीठ, कांदा, तीळ घालून थालीपीठही उत्तम होते. घट्ट वरणात कणीक मळली की वेगळे पाणी लागत नाही आणि पराठे दोन तास मऊ राहतात. मटकीची उसळ रविवारी मिसळ होते. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी आणि फ्लॉवरच्या कोवळ्या दांड्यांची भाजी या तुमच्या सासूबाईंच्या हातच्या असतील तर शिकून घ्या. एक गोष्ट मला पटत नाही, ती म्हणजे वाटीभर भात वाचवण्यासाठी अर्धा किलो चीज आणि पाव लिटर तेल खर्च करणे. कालच्या भातासाठी नवे सामान आणावे लागत असेल, तर तो बेत सोडून द्यावा. आणि मुलापासून लपवून काही खपवू नका. हे कालच्या वरणाचे पराठे आहेत, असे सांगूनच वाढा. एकदा फसवले गेलेले मूल पुढे ताज्यावरही संशय घेते.

बाजारातही थोडा हात आखडावा लागेल. दहा रुपयांत दोन मिळाल्या म्हणून घेतलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांतली दुसरी बहुतेक घरांत काळी पडते. कोथिंबीर न धुता, निवडून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडाभर टिकते. पिकलेली केळी आणि सफरचंदे पालेभाजीजवळ ठेवू नयेत, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पाने लवकर पिवळी पडतात. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ची तारीख असेल तर ती चव आणि दर्जा यांच्याविषयीची असते, ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख मात्र काटेकोरपणे पाळावी.

मावशींना उरलेले देणे मनाला पटत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे मन बरोबर सांगते आहे. जे आपल्या मुलाला देणार नाही ते त्यांनाही द्यायचे नाही, ही पहिली अट. आणि आधी विचारायचे, ही दुसरी. ‘आज भाजी जास्त झाली आहे, आमची जेवणे व्हायच्या आधीच काढून ठेवली आहे, न्याल का?’ असे विचारले आणि स्वच्छ डब्यात भरून दिले, तर त्यात देवघेव आहे. तीन दिवस फ्रिजमध्ये पडलेले पातेले पुढे सरकवण्यात ती नाही. त्या ‘नको’ म्हणाल्या तर कारण विचारू नये. फ्रिजमध्ये ठेवूनही मुदतीत जे संपले नाही ते अन्न ओल्या कचऱ्यात जाईल, आणि त्याची खंतही वाटू द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी माप कमी घेतले जाईल. तुमच्या इमारतीत ओल्या कचऱ्याचे खत होत असेल तर उत्तमच. नसेल तर निदान ओला आणि सुका कचरा एकत्र होऊ देऊ नका.

गणपतीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेचा आहे, कारण तिथे माणसे मोजता येत नाहीत. तरी एक गोष्ट लक्षात घ्या की त्या दिवसांत लालबागमध्ये दर्शनाला येणारा माणूस तुमच्याकडे येण्यापूर्वी दोन-तीन घरी काहीतरी खाऊन आलेला असतो. त्याला पूर्ण ताट वाढले की पुरी आणि उसळ पानात राहते. नैवेद्याचा स्वयंपाक घरच्या माणसांच्या आणि जेवायला मुद्दाम बोलावलेल्यांच्या मापाने करा. ज्यांना बोलावले आहे त्यांना आदल्या दिवशी फोन करून नक्की विचारा. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक मोदक आणि चिवडा-लाडूसारखे कोरडे पदार्थ ठेवा, हे कोरडे पदार्थ उरले तरी आठवडाभर चालतात. मोदकांचे सारण एकदाच करून फ्रिजमध्ये ठेवता येते, पण उकड मात्र लागेल तशी काढा, म्हणजे एकवीस मोदकांनंतर पुढचे अकरा करायचे की नाही हे संध्याकाळी माणसे बघून ठरवता येईल. ताटे पाटावर मांडून ठेवण्याऐवजी वाढप हातात ठेवा आणि पहिल्या वाढपात निम्मेच वाढा. आग्रह दुसऱ्या वाढपाला करता येतो.

एवढे करूनही काही उरेल असे वाटत असेल तर त्याची सोय आधीच लावून ठेवा. तुमच्या गल्लीतल्या मंडळाचे कार्यकर्ते रात्रभर रांगा सांभाळत उभे असतात आणि त्यांच्यातल्या अनेकांना धड जेवायला वेळ मिळत नाही. मंडळातल्या ओळखीच्या कोणाला दुपारीच विचारा की संध्याकाळी आठ वाजता दहा जणांपुरती पुरी-भाजी पाठवली तर चालेल का. ते हो म्हणाले तर तेवढे अन्न पाहुण्यांना वाढायला घेण्याआधीच बाजूला काढून ठेवा आणि मुलाच्या हाती गरम असतानाच पाठवा. रात्री साडेअकराला भांडी आवरताना जे हाती लागेल ते पाठवू नका.